कागद कापून झाल्यावरची दहा मिनिटे

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

तालुक्याच्या गावातील एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत नववी आणि दहावीला गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. वर्गात ६२ मुले आहेत आणि तासिका ३५ मिनिटांची आहे. एका प्रशिक्षणात पाहिलेल्या कृती त्यांनी जूनपासून वर्गात सुरू केल्या. मुलांनी त्रिकोणाचे कोपरे फाडून जोडले, शंकूने वृत्तचिती भरली, पुठ्ठ्याचे तुकडे मांडून बहुपदींचे अवयव पाडले. गणिताच्या तासाला मुले उत्सुकतेने बसू लागली. परंतु घटक चाचणीत त्यांचे गुण दुसऱ्या तुकडीइतकेच राहिले आणि सिद्धतेच्या प्रश्नांत तर थोडे मागेच पडले. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° का असते, या प्रश्नाला निम्म्याहून अधिक मुलांनी ‘कारण आम्ही कागद कापून पाहिला’ असे उत्तर लिहिले. अभ्यासक्रम दोन प्रकरणांनी मागे आहे. मुख्याध्यापकांनी विचारणा केली आहे, काही पालकांनीही केली आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते कातरकाम प्राथमिक शाळेत शोभते, दहावीला सरावच हवा. शाळेत गणिताची प्रयोगशाळा नाही आणि साहित्यासाठी निधीही नाही. कृती पूर्ण बंद कराव्यात, फक्त नववीपुरत्या ठेवाव्यात, की विरोध पत्करून चालू ठेवाव्यात, असे त्या विचारतात.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात, म्हणून तेथूनच सुरुवात करावीशी वाटते. ‘कारण आम्ही कागद कापून पाहिला’ हे उत्तर वाचून तुमचा कृतींवरचा विश्वास डळमळला. मला मात्र ते उत्तर प्रामाणिक वाटते. मुलांनी जे पाहिले ते लिहिले. त्यापुढचे काही त्यांच्या हाती आलेच नव्हते, म्हणून ते वहीतही उतरले नाही. कृती फसली किंवा मुले कमी पडली असे मला वाटत नाही. कृती एक पायरी आधीच संपली, एवढेच झाले. आणि ती पायरी वर्गात कशी आणायची, हाच तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे.

कोपरे फाडण्याची कृती पुन्हा डोळ्यांसमोर आणा. मुले तिन्ही कोपरे फाडतात, शेजारी शेजारी ठेवतात, सरळ रेषा झालेली पाहतात आणि घंटा होते. पुढच्या वेळी तिन्ही कोपरे फाडू देऊ नका. पुठ्ठ्याचा त्रिकोण वहीवर ठेवून मुलांना त्याची बाह्यरेषा गिरवू द्या, आणि मग पुठ्ठ्याचे पायाकडचे दोनच कोपरे कापून ते गिरवलेल्या आकृतीतील वरच्या शिरोबिंदूपाशी, डावा कोपरा डावीकडे आणि उजवा उजवीकडे, फिरवून बसवायला सांगा. शिरोबिंदूतून जाणारी एक सरळ कड तयार होते. आता एकच प्रश्न विचारा: ही कड आणि त्रिकोणाचा पाया यांचे नाते काय? ‘समांतर’ असे उत्तर मुले पटकन देतात. का समांतर, असे विचारल्यावर थोडा वेळ जातो आणि मग एखादे मूल म्हणते की वर नेलेला कोपरा आणि खालचा कोन हे व्युत्क्रम कोन (छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना, दोन रेषांच्या आत असलेले कोन) आहेत आणि ते एकरूपच आहेत, कारण तो एकच तुकडा आहे. येथे उलट फिरा. कोपरे न कापता, आधीच शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली तर? मग तुकडे वर न्यायची गरजच उरत नाही, व्युत्क्रम कोनांचा गुणधर्म ते काम करतो, आणि ते या एका त्रिकोणापुरते न करता सगळ्या त्रिकोणांसाठी करतो. नववीच्या समांतर रेषांच्या प्रकरणातील सिद्धतेत ‘रचना’ म्हणून जी ओळ येते, ती मुलांना आकाशातून पडल्यासारखी वाटते; तीच ओळ या वेळी त्यांच्या हातून आलेली असते. पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता वहीत लिहायला यानंतर साधारण दहा मिनिटे पुरतात. तुमच्या वर्गाला आजवर जी मिळाली नाहीत ती हीच दहा मिनिटे आहेत.

तुमच्या पत्रात एक गृहीतक सगळीकडे झिरपलेले आहे. मुलांना आनंद झाला म्हणजे ती शिकली, आणि गुण वाढले नाहीत म्हणजे तो आनंद व्यर्थ गेला, या दोन टोकांत तुम्ही सापडल्या आहात. आनंद मोलाचा आहे आणि त्यासाठी कोणाची क्षमा मागायची गरज नाही. परंतु कृती निवडताना तो निकष होऊ शकत नाही. मी निकष असा धरेन: कृती संपल्यावर असा एखादा प्रश्न उरतो का, ज्याचे उत्तर हाताने किंवा डोळ्याने देता येत नाही आणि त्यासाठी बीजगणिताकडे किंवा सिद्धतेकडेच जावे लागते? उरत असेल तर कृती माध्यमिक शाळेची आहे. उरत नसेल तर तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे त्या कृतीपुरते बरोबर आहे. सूत्र शिकवून झाल्यावर ते ‘पटवण्यासाठी’ केलेली कृती ही वरून पेरलेल्या कोथिंबिरीसारखी असते. तिने ताट सजते, भूक भागत नाही. म्हणून क्रमही महत्त्वाचा आहे. कृती आधी, प्रश्न मध्ये, सूत्र शेवटी.

डोळ्यांवर किती विसंबावे हे मुलांना एकदा स्पष्ट दिसले की पुढे वर्षभर ‘सिद्धता कशाला?’ हा प्रश्न वर्गात फारसा येत नाही. त्यासाठी ८ × ८ च्या चौरसाची जुनी करामत मला फार उपयोगी वाटते. आलेख कागदावर २ सेंटीमीटरचे एक एकक धरून ८ एकके बाजूचा चौरस कापायचा. त्याचे ८ × ३ आणि ८ × ५ असे दोन आयत करायचे. लहान आयत कर्णावर कापून दोन काटकोन त्रिकोण मिळतात. मोठ्या आयताच्या ८ एककांच्या एका बाजूवर ५ एककांवर आणि समोरच्या बाजूवर, त्याच टोकाकडून, ३ एककांवर खूण करून त्या खुणा जोडणाऱ्या रेषेवर कापले की दोन समलंब चौकोन मिळतात. हे चार तुकडे जुळवून ५ × १३ चा आयत तयार होतो. चौरसाचे क्षेत्रफळ ६४, आयताचे ६५. एक चौरस एकक कोठून आले? मुले तुकडे पुन्हा पुन्हा जुळवतात, कापताना चूक झाली असे म्हणतात, शेजारच्याचे तपासतात. दहावीला निर्देशक भूमितीत रेषेचा चढ शिकवताना ही कृती आणा. त्रिकोणाच्या कर्णाचा चढ ३/८ म्हणजे ०.३७५ आहे आणि समलंब चौकोनाच्या तिरक्या बाजूचा २/५ म्हणजे ०.४ आहे. जी एक सरळ रेषा म्हणून आपण पाहत होतो ती सरळ नाहीच. मध्ये एक अगदी चिंचोळा समांतरभुज चौकोन रिकामा राहिला आहे आणि त्याचे क्षेत्रफळ नेमके १ आहे. ‘कापून पाहिले’ हे कारण का पुरत नाही, हे सांगायला यानंतर वेगळे व्याख्यान लागत नाही.

आता बीजगणिताकडे येऊ, कारण पुठ्ठ्याच्या तुकड्यांच्या कृतीबद्दल तुम्ही सर्वांत जास्त निराश दिसता. मोठा चौरस म्हणजे क्ष², लांब पट्टी म्हणजे क्ष आणि लहान चौरस म्हणजे १, ही मांडणी उत्तम आहे. पण तुम्ही लिहिले आहे की मुले पट्टीला ‘पाच’ म्हणू लागली. तुमच्या पट्टीची लांबी लहान चौरसाच्या बरोबर पाचपट असावी असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर मुलांचा काहीच दोष नाही, त्यांनी मोजले आणि पाच आले. लहान चौरस २ सेंटीमीटरचा, पट्टी २ × ७ सेंटीमीटरची आणि मोठा चौरस ७ × ७ सेंटीमीटरचा ठेवा. तीन लहान चौरस पट्टीपेक्षा तोकडे पडतात, चार बाहेर येतात, त्यामुळे क्ष हा क्षच राहतो. एका संचात एक मोठा चौरस, सात पट्ट्या आणि बारा लहान चौरस असले की क्ष² + ७क्ष + १२ पर्यंतचे काम होते. मोठ्या चौरसाचा सहगुणक २ असलेले उदाहरण घ्यायचे असेल तर दोन गटांनी आपले संच एकत्र करावेत.

क्ष² + ५क्ष + ६ चा आयत मुले सहज करतात आणि बाजू क्ष + २ व क्ष + ३ येतात. बहुतेक वर्ग येथेच थांबतो. तुम्ही पुढचे उदाहरण क्ष² + ५क्ष + ५ द्या. पाच पट्ट्या १ आणि ४ अशा मांडल्या तर कोपऱ्यात ४ लहान चौरस हवेत, २ आणि ३ अशा मांडल्या तर ६ हवेत. पाचांना जागा मिळत नाही. ज्या दोन संख्यांची बेरीज ५ आणि गुणाकार ५ त्या शोधायच्या आहेत, हे वाक्य तुम्ही सांगायच्या आधी मुले बोलतात. मग विचारा: असा आयत मुळीच नाही, की आपल्याकडच्या तुकड्यांनी तो होत नाही? नववीत हा प्रश्न उघडा ठेवायला हरकत नाही. दहावीत वर्गसमीकरणांच्या प्रकरणात तो पुन्हा काढा आणि सोबत क्ष² + ५क्ष + ७ द्या. पाच पट्ट्या दोन बाजूंना अडीच-अडीच अशा वाटल्या तर कोपऱ्यात सर्वांत मोठी जागा मिळते आणि ती ६.२५ इतकीच असते. म्हणजे ५ लहान चौरस मावतील असा आयत आहे, फक्त त्याच्या बाजूंसाठी पट्ट्या अपरिमेय मापांत वाटाव्या लागतील. परंतु ७ कोणत्याही वाटणीने मावणार नाहीत. विवेचक, म्हणजे क्ष च्या सहगुणकाच्या वर्गातून स्थिरपदाची चौपट वजा करून येणारी संख्या, पहिल्या उदाहरणात २५ − २० म्हणजे ५ येतो आणि दुसऱ्यात २५ − २८ म्हणजे −३. मुळांचे स्वरूप नावाचा जो तक्ता मुले पाठ करतात त्यामागचे कारण असे पुठ्ठ्यावर दिसते, आणि पुठ्ठा जेथे अपुरा पडतो तेथे सूत्र हाती येते.

पूर्ण वर्ग पद्धतीसाठी तर याच तुकड्यांइतके चांगले साधन मला माहीत नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण चौरस काढूनच सोडवले होते. दहा पट्ट्यांपैकी पाच उजवीकडे, पाच खाली. कोपऱ्यात ५ × ५ ची रिकामी जागा. ती भरण्यासाठी २५ घातले म्हणून दुसऱ्या बाजूलाही २५ मिळवायचे, एकूण ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, म्हणून क्ष = ३. ‘सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवा’ ही सूचना मुले वर्षानुवर्षे कारण न कळता पाळतात. येथे त्यांना रिकामा कोपरा दिसतो. लगेच विचारा की या समीकरणाचे दुसरे मूळ −१३ आहे, ते पुठ्ठ्यात कोठे आहे? ते कोठेच नाही, कारण बाजूची लांबी ऋण असत नाही. कृतीची मर्यादा मुलांपासून लपवू नका, ती त्यांनाच सापडू द्या. याच कारणाने क्ष² − ५क्ष + ६ सारख्या उदाहरणांसाठी दोन रंगांच्या तुकड्यांचा खटाटोप मी करणार नाही; त्यात तुकड्यांचे नियमच पाठ करावे लागतात आणि बीजगणित दूर राहते. तेथे सरळ फळ्यावर या.

बीजगणित आणि भूमिती यांची गाठ घालून देणारी एक कृती दोन्ही वर्गांत करता येईल. लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून चार एकरूप काटकोन त्रिकोण कापा, काटकोनाच्या बाजू अ आणि ब, त्यांत ब मोठी. चौघांचे कर्ण बाहेरच्या बाजूला येतील असे ते मांडले की मोठा चौरस तयार होतो आणि मध्ये एक लहान चौरसाकृती भोक राहते. भोकाची बाजू किती? (ब − अ). आता क्षेत्रफळ लिहा: चार त्रिकोणांचे मिळून २अब, भोकाचे (ब − अ)². बेरीज केली की २अब नाहीसे होते आणि अ² + ब² उरते. बाहेरचा चौरस मात्र कर्णाचा वर्ग आहे. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या नावाशी ही मांडणी जोडलेली आहे. येथे नुसते तुकडे मांडून काहीच सिद्ध होत नाही, विस्तारसूत्र वापरावेच लागते, म्हणूनच ती मला आवडते. भोकाची बाजू विचारायला विसरू नका. सगळा तास त्या एका प्रश्नावर उभा आहे.

दोन चलांतील रेषीय समीकरणांसाठी तुमची ६२ मुलांची अडचण उपयोगाला येते. शाळेच्या पटांगणात किंवा व्हरांड्यात शहाबादी फरशी असेल तर फरश्यांचे कोपरे हेच बिंदू धरा. नसेल तर फक्कीने रेषा मारून घ्या. दोन्ही अक्षांवर ० ते ७ घेतले की ६४ बिंदू होतात, म्हणजे प्रत्येक मुलाला एक जागा मिळते आणि कोणी बघ्या उरत नाही. प्रत्येकाने आपली क्रमित जोडी सांगायची. मग क्ष + य = ७ ज्यांना लागू पडते त्यांनी हात वर करायचा; एका तिरप्या रांगेतले हात वर जातात आणि त्यांच्या हाती दोरी द्यायची. क्ष − य = १ साठी दुसरी दोरी. दोन्ही दोऱ्या एकाच मुलाच्या हाती येतात, (४, ३) वर उभ्या असलेल्या. क्ष + य = ७ आणि क्ष + य = ५ घेतले तर दोऱ्या भेटतच नाहीत. आता खरा प्रश्न येतो. क्ष + य = ६ आणि क्ष − य = १ द्या. दोन्ही वेळा हात वर करणारे कोणीच नसते, तरी दोऱ्या एकमेकींना फरशीच्या बरोबर मध्यावर छेदतात. उकल आहे की नाही? असल्यास किती? अंदाजाने साडेतीन आणि अडीच असे उत्तर येते. पण फरशीच्या तिसऱ्या हिश्श्यावर दोऱ्या भेटल्या तर अंदाज चालणार नाही, म्हणून एका चलाचा लोप करण्याची रीत लागते. एका तासात वर्ग बाहेर नेऊन परत आणायचा असल्याने आदल्या दिवशीच प्रत्येकाला त्याची क्रमित जोडी चिठ्ठीवर देऊन ठेवा. नाहीतर उभे राहण्यातच पंधरा मिनिटे जातात.

वर्तुळाच्या प्रकरणात साहित्य म्हणून पत्रिकेचा एक काटकोनी कोपरा पुरतो. वहीत आठ सेंटीमीटर अंतरावर दोन ठिपके द्यायचे, पत्रिकेच्या दोन्ही कडा दोन ठिपक्यांना स्पर्श करतील अशी ती सरकवायची आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यापाशी खूण करायची. दहा-बारा खुणांनंतर अर्धवर्तुळ उमटते. पाठ्यपुस्तकात अर्धवर्तुळ आधी असते आणि त्यातला कोन काटकोन असल्याचे सांगितले जाते. येथे काटकोन आधी आहे आणि वर्तुळ मागून येते, त्यामुळे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास (पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल केलेले विधान) यांतला फरकही हाती लागतो. ज्यांचे काम लवकर संपते त्यांना ६०° चा कोपरा कापून तेच करायला सांगा. मोठा कंस मिळतो आणि अंतर्लिखित कोनाच्या प्रमेयाकडे आपोआप वाट निघते. शिवाय याच पत्रिकेने ताटाचा किंवा बांगडीचा केंद्रबिंदू काढता येतो, तो कसा, हे घरी करून आणायला सांगावे.

उंची मोजण्याच्या कृतीबद्दल तुम्ही सावलीची अडचण लिहिली आहे. पावसाळ्यात सावली मिळत नाही हे खरेच आहे. जमिनीवर आडवा आरसा ठेवून त्यात ध्वजस्तंभाचे टोक दिसेपर्यंत मागे सरकण्याची पद्धत ढगाळ दिवशीही चालते आणि समरूपता शिकवायला ती सावलीपेक्षा चांगली आहे, कारण दोन त्रिकोण समरूप का, याचे कारण आरशावरील कोनांतून शोधावे लागते. डोळ्यांची उंची १५० सेंटीमीटर, आरशापासून पाय १२० सेंटीमीटरवर आणि स्तंभ ६०० सेंटीमीटरवर असेल तर उंची ७५० सेंटीमीटर येते. त्रिकोणमितीसाठी कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून ओळंबा करा. मात्र मुलांना ३०°, ४५° आणि ६०° चीच गुणोत्तरे माहीत असतात, म्हणून एखादा भलताच कोन मोजून त्यांना अडकवू नका. उन्नतकोन ४५° येईपर्यंत मागे-पुढे चालायला सांगा. मग स्तंभापर्यंतचे अंतर अधिक डोळ्यांची उंची एवढेच उत्तर राहते. दोन पद्धतींची उत्तरे थोडी वेगळी येतात. त्यांपैकी कोणते अधिक विश्वासार्ह आणि का, यावर अर्धे पान लिहून घ्या. ते लिखाण अंतर्गत मूल्यमापनाच्या नोंदीतही ठेवता येईल.

इतर प्रकरणांवर फार वेळ घालवू नका. शंकूने वृत्तचिती तीनदा भरून दाखवणे हे पाच मिनिटांचे प्रात्यक्षिक आहे. ते तुम्ही टेबलावर करावे, ६२ मुलांनी करण्याचे कारण नाही, आणि एक तृतीयांश का, याची सिद्धता या इयत्तेत देता येत नाही हे मुलांना स्पष्ट सांगावे. अर्थनियोजनाला दुकानाची खरी बिले आणली की पुरे. अंकगणिती श्रेढीच्या बेरजेसाठी १ ते न पर्यंतच्या ठिपक्यांच्या दोन पायऱ्या एकमेकींत बसवून आयत करणे वहीतच होते. प्रत्येक प्रकरणाला कृती हवी असे तुम्ही मनाशी धरले आहे आणि अभ्यासक्रम मागे पडण्याचे मुख्य कारण मला तेच दिसते.

साहित्याविषयी तुम्ही जितकी चिंता करता तितकी गरज नाही. वर जे लिहिले त्यात लग्नपत्रिका, आलेख कागद, दोरी, फक्की आणि एक आरसा यांपलीकडे काही लागत नाही. कापण्याचे काम वर्गात करू नका. मापे देऊन ते आदल्या दिवशी घरी करून आणायला सांगा, लिफाफ्यावर नाव घालून संच वर्षभर वर्गातच ठेवा. एक आड एक बाकावरच्या मुलांना मागे वळून बसायला सांगितले की चौघांचे गट होतात, बाके हलवावी लागत नाहीत. तासाचे नियोजन टाचणात, म्हणजे शिक्षकाच्या पाठाच्या नोंदवहीत, असे लिहा: पंधरा मिनिटे हातांचे काम, दहा मिनिटे उरलेल्या प्रश्नावर चर्चा, दहा मिनिटे वही. पंधराव्या मिनिटाला तुकडे लिफाफ्यात गेलेच पाहिजेत, काम अपुरे असले तरी. तुकडे समोर असेपर्यंत मुले फळ्याकडे पाहत नाहीत. शिकवणीला जाणारी मुले ‘आम्हाला सूत्र येते’ म्हणून कृतीतून अंग काढून घेतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना क्ष² + ५क्ष + ५ किंवा ६४ आणि ६५ चे कोडे द्या. सूत्र येत असूनही तेथे थांबून विचार करावा लागतो, आणि वर्गातील चर्चा बहुधा तीच मुले पुढे नेतात.

वहीतील दहा मिनिटांसाठी एक उपाय तुमच्या हाताशीच आहे. शालान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत रिकाम्या चौकटी भरून सिद्धता किंवा उकल पूर्ण करण्याचे प्रश्न असतात. प्रत्येक कृतीनंतर तिच्यावर आधारित अशी पाच-सहा चौकटींची सिद्धता फळ्यावर लिहा आणि मुलांना ती भरायला सांगा. पुढच्या तासाला तीच सिद्धता चौकटींशिवाय लिहून घ्या. पालक आणि मुख्याध्यापक ज्या वहीकडे पाहतात तिच्यात आता कृतीचे फळ दिसू लागेल. मुख्याध्यापकांना भेटताना कृतींचे महत्त्व सांगण्यात वेळ दवडू नका. दोन प्रकरणांची पिछाडी कोणत्या आठवड्यात भरून निघणार हे लिहून न्या, उरलेल्या वर्षात नेमके किती तास कृतींना जाणार हा आकडा द्या आणि एका तासाला येऊन बसण्याची विनंती करा. शेवटची वीस मिनिटे त्यांनी पाहावीत. ज्येष्ठ सहकाऱ्यांशीही मी वाद घालणार नाही. सिद्धता लिहून घेण्याचा आणि सरावाचा त्यांचा अनुभव मोठा असणार. तुमच्या चौकटींचा मसुदा त्यांना दाखवा, कोणत्या पायरीला मुले गुण गमावतात ते विचारा. त्यांच्या तुकडीची मुले सिद्धतेत पुढे आहेत, त्यामागे काही कारण असणारच.

आता तुमचे तीन पर्याय. कृती पूर्ण बंद केल्यास पिछाडी लवकर भरेल, परंतु चाचणीत दिसलेली उणीव तशीच राहील, कारण ती कृतींमुळे आलेली नाही, अपुऱ्या लिखाणामुळे आलेली आहे. विरोध पत्करून आजच्याच पद्धतीने चालू ठेवणे मला मुलांच्या दृष्टीने न्याय्य वाटत नाही. मार्चमध्ये परीक्षेला तीच बसणार आहेत. फक्त नववीपुरत्या ठेवण्याचा पर्याय जवळचा आहे, त्यात एक दुरुस्ती सुचवते. दहावीला या वर्षी तीनच कृती घ्या: वर्गसमीकरणांसाठी रिकाम्या कोपऱ्याची, वर्तुळासाठी पत्रिकेच्या कोपऱ्याची आणि चढासाठी ६४–६५ ची. तिन्ही मिळून तीन तास जातील, आणि यांपैकी जे प्रकरण शिकवून झाले असेल त्याची कृती उजळणीच्या तासाला घ्या. पूर्वपरीक्षेनंतर दहावीच्या वर्गात एकही लिफाफा उघडू नका, तो काळ सरावाचाच आहे. नववीला पटांगणातील रेषीय समीकरणे, बहुपदींचे तुकडे, भास्कराचार्यांचा चौरस आणि समांतर रेषांची फेरकृती एवढे ठेवा. त्रिकोणाच्या कोनांची ती सिद्धता नववीच्या मुलांना येत्या आठवड्यातच, गुणांची भीती न घालता, पुन्हा लिहायला द्या. या वेळी त्यांच्या उत्तरात ‘समांतर’ हा शब्द किती जणांच्या वहीत येतो ते मोजा आणि पुढची कृती कोणती घ्यायची ते त्या आकड्यावरून ठरवा.